अन्न आणि विषाद : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात श्वेतकेतूची कथा आहे. बाराव्या वर्षी गुरुगृही गेलेला हा मुलगा चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून, आणि त्या विद्येचा ताठा घेऊन, घरी परततो. बाप उद्दालक आरुणी त्याला नाना दृष्टांतांनी ज्ञानाचे खरे स्वरूप समजावू लागतो. त्यांतला एक दृष्टांत मात्र सांगण्याचा नाही, करून पाहण्याचा आहे. मन हे अन्नाचेच घडलेले असते, असे बापाचे म्हणणे. ते मुलाला पटावे म्हणून तो त्याला पंधरा दिवस न जेवता राहायला सांगतो. पाणी मात्र हवे तितके पिण्याची मुभा. त्यानंतर बाप ऋचा म्हणायला सांगतो, आणि बारा वर्षे घोकलेल्यातले श्वेतकेतूला काहीही आठवत नाही. मग तो जेवतो आणि जे विचारावे ते त्याला येते. मोठ्या आगीतला काजव्याएवढा एकच निखारा उरावा आणि त्यावर गवत घालताच ती पुन्हा पेटावी, तसे हे झाले, असे उद्दालक सांगतो.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात ही कथा पुढे येणाऱ्या महावाक्याच्या वाटेवरचा एक टप्पा म्हणून शिकवली जाते. आम्हाला ती आणखी एका कारणाने लक्षणीय वाटते. एका तरुण माणसाचे अन्न काढून घ्यायचे, त्याच्या मनाची परीक्षा घ्यायची, अन्न परत द्यायचे आणि पुन्हा परीक्षा घ्यायची, ही रचना प्रयोगाची आहे. विसाव्या शतकात हाच प्रयोग अमेरिकेत जवळजवळ याच रचनेने झाला, आणि श्वेतकेतूच्याच वयाच्या तरुणांवर झाला. त्या प्रयोगापर्यंत आणि त्याच्या पुढे या प्रश्नाचा प्रवास कसा झाला, हे येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला वर्गातला एक प्रसंग कारण झाला. क्नुट हाम्सुन यांच्या १८९० साली प्रसिद्ध झालेल्या 'भूक' या कादंबरीवर आम्ही बोलत होतो. क्रिस्तियानिया शहरात उपाशी भटकणारा तिचा निनावी लेखक-नायक क्षणात आनंदाने उचंबळतो, क्षणात रडू लागतो; अंगातले जाकीट गहाण टाकून आलेले पैसे भिकाऱ्याला देऊन टाकतो. आम्ही आधुनिक माणसाचे दुभंगलेपण, परात्मता वगैरे शब्द वापरून हे सारे उलगडत होतो. तास संपल्यावर एक विद्यार्थी टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, पोटात काही नसलं की असंच होतं." तो बाहेरगावचा होता, आणि एकच डबा दोन वेळांना पुरवत होता, हे आम्हाला त्यानंतर कळले. वर्षभर तो वर्गात गप्प का असतो याची कारणे आम्ही त्याच्या स्वभावात शोधत आलो होतो.

२

अन्न आणि मन यांच्या संबंधाबद्दल माणसाने दोन रीतींनी विचार केला आहे. एक रीत याद्यांची : कोणते अन्न मनाला चांगले, कोणते वाईट. दुसरी रीत प्रयोगाची किंवा निरीक्षणाची : अन्न बदलले, तुटले, तर मनाचे प्रत्यक्षात काय होते. पहिली रीत फार जुनी आणि फार लोकप्रिय आहे, आणि तिच्यात एक धोका दडलेला आहे.

आपल्याकडची सर्वांत परिचित यादी गीतेच्या सतराव्या अध्यायातली. सात्त्विक, राजस आणि तामस अशा तीन प्रकृतींच्या माणसांना कोणकोणता आहार प्रिय असतो, हे तेथे सांगितले आहे. मूळ विधान बारकाईने वाचले तर ते स्वभावावरून आवड सांगणारे आहे. लोकव्यवहारात मात्र आपण ते उलटे वाचतो, आणि आहारावरून स्वभाव ठरवतो. शिळे, तिखट, आंबट खाणारा माणूस हलक्या प्रतीचा ठरतो. आपल्या समाजात शिळे कोणाला खावे लागते, हा प्रश्न या वाचनात कोठेच येत नाही.

युरोपातली अशी प्रसिद्ध यादी रॉबर्ट बर्टन या ऑक्सफर्डच्या पंडिताने १६२१ साली प्रसिद्ध केलेल्या 'विषादाची शरीररचना' या प्रचंड ग्रंथात सापडते. ग्रीक वैद्यकाच्या परंपरेप्रमाणे विषाद हा शरीरातील काळ्या पित्ताचा विकार मानला जाई. साहजिकच ते पित्त वाढवणारे अन्न टाळणे हा उपचाराचा पहिला पाठ होता. बर्टनच्या यादीत गोमांस आहे, ससा आणि हरीण आहे, दूध आणि दुधाचे पदार्थ आहेत, काकडी आणि कोबी आहे, कडधान्ये आहेत. हे सारे वर्ज्य केल्यावर माणसाने खावे तरी काय, असा प्रश्न वाचकाला पडतो. बर्टनलाही तो पडला असावा, कारण सवयीने आणि भुकेने या नियमांना किती अपवाद होतात, याचीही चर्चा तो करतो. त्याच ग्रंथात विद्वानांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हालअपेष्टांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एकांत, बैठे जीवन, दारिद्र्य आणि उपेक्षा यांमुळे अभ्यास करणाऱ्यांना विषाद लवकर गाठतो, असे तो म्हणतो. आहाराची यादी आणि दारिद्र्याचे वर्णन एकाच ग्रंथात आहे, पण दोन वेगळ्या प्रकरणांत. ती दोन प्रकरणे एकत्र वाचली जायला आणखी तीनशे वर्षे जावी लागली.

३

ती एकत्र वाचली गेली पेलाग्रा नावाच्या रोगाच्या निमित्ताने. स्पेनमधील आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली या रोगाचे वर्णन केले. पुढे इटलीत त्याला खरखरीत कातडी अशा अर्थाचे नाव मिळाले. कातडी काळवंडून सोलवटणे, जुलाब आणि बुद्धिभ्रंश ही त्याची ठळक लक्षणे. पण बुद्धिभ्रंशाच्या फार आधी रोग्याची झोप उडे, चित्त लागेना, तो खिन्न आणि चिडचिडा होई. यातल्या अनेकांची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होत असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हा रोग फार फोफावला. तो जंतुसंसर्गाने होतो असा बहुतेकांचा समज होता. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरकडे हे काम सोपवले. अनाथालये आणि मनोरुग्णालये पाहत हिंडताना त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली : रोग तेथे राहणाऱ्यांना होतो, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नोकरांना होत नाही. जंतू असा भेदभाव करीत नाहीत, स्वयंपाकघर करते. रहिवाशांच्या ताटात मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी एवढेच असे. गोल्डबर्गरनी काही संस्थांमध्ये दूध, अंडी, मांस आणि शेंगवर्गी धान्ये सुरू केली आणि रोग ओसरला. १९१५ साली मिसिसिपीतील तुरुंगाच्या शेतावर अकरा कैद्यांना, शिक्षामाफीच्या बोलीवर, मक्याच्या निकृष्ट आहारावर ठेवण्यात आले. त्यांपैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. प्रयोगाची ही नीती आज कोणी मान्य करणार नाही. पण कारण सिद्ध झाले.

यापुढचे काम साहित्याच्या अभ्यासकांना अधिक बोलके वाटावे. गोल्डबर्गर आणि अर्थतज्ज्ञ एडगर सायडनस्ट्रिकर यांनी १९१६ पासून साउथ कॅरोलायनातील कापड गिरण्यांच्या सात गावांचा अभ्यास केला. घराचे उत्पन्न जितके कमी, तितका पेलाग्रा जास्त, हे त्यांनी घरोघरच्या हिशेबांवरून दाखवले. म्हणजे प्रश्न खाण्याच्या सवयींचा नव्हता. मजुरीचा होता, गावात भाजीपाला आणि दूध विकत मिळते की नाही याचा होता. दक्षिणेतील पुढाऱ्यांना हे निदान अपमानास्पद वाटले. आपल्या प्रांतातील लोक रोगट आहेत हे एकवेळ चालले असते; ते उपाशी आहेत हे चालणारे नव्हते.

१९३७ साली कॉनराड एल्व्हेहेम यांनी या रोगावरचा द्रव्यरूप उपाय शोधला : ब गटातील नायसिन हे जीवनसत्त्व. ते दिल्यावर कित्येक रोग्यांचा मानसिक विकार काही दिवसांत पालटला. शरीर हे जीवनसत्त्व ट्रिप्टोफॅन नावाच्या प्रथिनघटकापासूनही काही प्रमाणात तयार करते, हेही पुढे कळले. आणि ज्या सेरोटोनिनची नैराश्याच्या संदर्भात एवढी चर्चा होते, तेही याच ट्रिप्टोफॅनपासून बनते. मेक्सिकोतले शेतकरी हजारो वर्षे मकाच खात आले, पण चुन्याच्या पाण्यात शिजवून. त्या प्रक्रियेने धान्यात अडकलेले नायसिन मोकळे होते. मका जगभर गेला, चुन्याच्या पाण्याची रीत मागे राहिली.

या इतिहासाचा एक धागा दख्खनच्या पठारापर्यंत येतो. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास दाखवून दिले की पेलाग्रा केवळ मका खाणाऱ्यांचा रोग नाही. ज्वारी हेच ज्यांचे जवळजवळ एकमेव अन्न आहे अशा शेतमजुरांतही तो आढळतो. ज्वारीतील ल्युसिन या घटकाच्या आधिक्यामुळे असे होत असावे, असा सिद्धांत त्यांनी मांडला, आणि त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी निरीक्षण उरतेच. भाकरीबरोबर डाळ, ताक, पालेभाजी आणि शेंगदाणे आले तर तीच ज्वारी उत्तम अन्न असते. नुसती भाकरी आणि मिरची उरली की तीच रोगाचे कारण होते. आज शहरांत ज्वारी-बाजरीचे नव्याने कौतुक होत असताना ही गोष्ट आठवावी, कारण कोणतेही एक अन्न स्वतःहून पथ्यकर नसते. ते ताटातल्या शेजाऱ्यांमुळे पथ्यकर होते.

४

आता श्वेतकेतूच्या दुसऱ्या जन्माकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात युरोपात लक्षावधी माणसे उपाशी होती. युद्ध संपल्यावर त्यांना पुन्हा कसे जेवू घालायचे, याचे शास्त्र कोणालाच नीट ठाऊक नव्हते. मिनेसोटा विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी त्यासाठी प्रयोग आखला. विद्यापीठाच्या क्रीडागाराखालील प्रयोगशाळेत ३६ तरुण दाखल झाले. सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे तरुण होते. त्यांतले अनेक शांततावादी ख्रिस्ती पंथांचे. वये २२ ते ३३. लढायचे नाही, पण जगाच्या दुःखात आपलाही वाटा असावा, या भावनेने ते स्वेच्छेने उपाशी राहायला आले होते.

प्रयोग नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरू झाला. पहिले बारा आठवडे रोज सुमारे ३,२०० उष्मांकांचे पुरेसे जेवण. मग १२ फेब्रुवारी १९४५ पासून चोवीस आठवडे सरासरी सुमारे १,५७० उष्मांक, दिवसाला दोन जेवणे : बटाटे, सलगम जातीचे कंद, पाव, मॅकरोनी, म्हणजे युद्धग्रस्त युरोपात जे मिळत होते तेच. आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे. प्रत्येकाचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरवायचे होते, आणि ते उतरले.

मनाचे काय झाले, याच्या नोंदी हा या प्रयोगाचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरला. मिनेसोटातच नुकतीच तयार झालेली व्यक्तिमत्त्वचाचणी या तरुणांना ठरावीक काळाने देण्यात येत होती. उपासमारीच्या महिन्यांत चाचणीतील नैराश्याचे गुण वाढत गेले. निरोगी, ध्येयवादी, हसतमुख म्हणून निवडलेली ही माणसे निरुत्साही, चिडखोर, एकलकोंडी झाली. विद्यापीठाचे वर्ग त्यांना मोकळे होते. तेथे जाणे त्यांनी हळूहळू सोडले. प्रेम, राजकारण, परोपकार या सर्वांतले स्वारस्य आटले. उरला फक्त अन्नाचा विचार. पाकशास्त्राची पुस्तके ते कादंबरीसारखी वाचत. ताट चाटून स्वच्छ करीत. एकच घास तासभर पुरवीत. भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजे. एकाने नियम मोडून बाहेर खाल्ल्याचे उघड झाल्यावर कोणालाही सोबत्याविना बाहेर जाता येईना. शेवटी ग्रंथात ३२ जणांचीच संपूर्ण माहिती धरता आली.

दोन गोष्टी येथे विशेष नोंदवण्यासारख्या आहेत. आपल्याला एकाग्र होता येत नाही, डोके चालत नाही, अशी या तरुणांची तक्रार होती. परंतु बुद्धिमापनाच्या चाचण्यांत त्यांची क्षमता फारशी घटलेली दिसली नाही. श्वेतकेतूच्या कथेत विद्या हरपते. मिनेसोटात विद्या जागेवर होती, तिच्याकडे जाण्याची इच्छा हरपली होती. पंधरा दिवस पूर्ण उपवास आणि सहा महिने अर्धपोटी राहणे यांत फरक आहे, हे खरेच. पण नैराश्य म्हणजे काय हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला मिनेसोटाचे चित्र अधिक ओळखीचे वाटेल.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी. जुलै १९४५ अखेर अन्न वाढवायला सुरुवात झाली, तेव्हा मने लगेच सावरली नाहीत. काहींची तर आणखी खालावली. या पुनर्भरणाच्या काळातच एकाने कुऱ्हाडीने आपल्या हाताची तीन बोटे तोडून घेतली, आणि ते जाणूनबुजून केले की अपघाताने, हे त्यालाही निश्चित सांगता येईना. अन्न कमी होते तेव्हा मन हळूहळू खचते. अन्न परत येते तेव्हा ते त्याहून हळू वर येते. गवत घालताच निखारा पेटला, असे उद्दालकासारखे कीज यांना लिहिता आले नाही. शिवाय जीवनसत्त्वांच्या आणि प्रथिनांच्या जादा पुरवण्या देऊन फारसा लाभ झाला नाही. माणसे सावरली ती भरपूर जेवणाने.

या प्रयोगाचा दोन खंडांचा ग्रंथ १९५० साली आला. तोवर युद्ध संपून पाच वर्षे झाली होती, आणि ज्यांच्यासाठी हे सारे केले त्या भुकेलेल्यांना त्याचा उपयोग मर्यादितच झाला. मदतकार्य करणाऱ्यांसाठी १९४६ मध्ये काढलेली एक छोटी पुस्तिका तेवढी वेळेवर पोचली. ग्रंथाला खरे वाचक मिळाले ते पुढे, आणि वेगळ्याच ठिकाणी. वजनाच्या धास्तीने जेवण सोडणाऱ्या तरुण मुलींवर उपचार करणाऱ्यांना कळले, की ज्या उदासीनतेला, चिडचिडीला आणि अन्नाच्या ध्यासाला आपण या मुलींचा मूळ स्वभाव समजत होतो, ते पुष्कळसे उपासमारीचेच परिणाम आहेत. निरोगी पुरुषांतही ते तसेच उमटले होते.

५

अ‍ॅन्सेल कीज यांचे पुढचे आयुष्य या कथेला एक अनपेक्षित वळण देते. भुकेचा अभ्यास करणारा हा माणूस नंतर सुबत्तेच्या रोगांकडे वळला. हृदयविकार आणि आहार यांच्या संबंधावर त्यांनी १९५८ मध्ये सात देशांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू केला, आणि इटली-ग्रीसमधील साध्या माणसांच्या आहाराचा, म्हणजे भाज्या, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे, फळे आणि ऑलिव्ह तेल यांचा, ते आयुष्यभर पुरस्कार करीत राहिले. इटलीतील पिओप्पी या किनाऱ्यावरच्या गावात त्यांनी कित्येक वर्षे काढली आणि २००४ साली वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. भूमध्यसागरी आहाराला २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

नैराश्यावरच्या आजच्या आहारसंशोधनाने हाच आहार उचलला आहे. २००९ साली स्पेनमध्ये सुमारे दहा हजार जणांच्या पाहणीत भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण कमी आढळले. त्याच वर्षी ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या अभ्यासात प्रक्रिया केलेले, गोड, तळलेले पदार्थ अधिक खाणाऱ्यांत पाच वर्षांनंतर नैराश्याची लक्षणे अधिक दिसली. अशा पाहण्यांना एक आक्षेप घेता येतो. नैराश्याने ग्रासलेला माणूस नीट जेवत नाही, स्वयंपाक करीत नाही. भूक मरणे किंवा वाढणे हे तर या आजाराच्या लक्षणांतच मोडते. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता?

या आक्षेपाला उत्तर म्हणून पुन्हा प्रयोग आले. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नैराश्याच्या ६७ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला बारा आठवडे आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन, दुसऱ्याला तेवढाच काळ गप्पागोष्टींची सोबत. आहारगटातील ३२.३ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. सोबतीच्या गटातील ८ टक्के. २०१९ साली सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात हेदर फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी १७ ते ३५ वर्षांच्या, निकृष्ट आहार आणि नैराश्याची लक्षणे असलेल्या ७६ तरुणांवर तीन आठवड्यांचा प्रयोग केला. त्यातही आहार सुधारलेल्या गटाची लक्षणे लक्षणीय उतरली. या गटाला ज्या वस्तू वाढवायला सांगितल्या होत्या, त्यांत दालचिनी आणि हळद होती, हे वाचून मराठी वाचकाला हसू येईल. २०२२ साली जेसिका बेज आणि सहकाऱ्यांनी १८ ते २५ वयाच्या तरुण पुरुषांवरही भूमध्यसागरी आहाराचा असाच अनुकूल परिणाम नोंदवला.

हे निष्कर्ष आशा देणारे आहेत, पण त्यांच्या मर्यादा स्पष्ट आहेत. गट लहान आहेत. औषधाची गोळी खरी की खोटी हे रुग्णापासून लपवता येते, ताटातली डाळ लपवता येत नाही. आपण बरे व्हावे यासाठी जेवतो आहोत, ही जाणीवही काम करून जाते. युरोपातील चार देशांत वजन जास्त असलेल्या १,०२५ प्रौढांवर वर्षभर चाललेल्या मोठ्या प्रयोगात, पोषक पुरवण्या आणि आहारविषयक समुपदेशन देऊनही नैराश्याचा आजार टळला नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. चांगल्या जेवणाने आजाराला काही अंशी मदत होते. ज्याला खरोखर नैराश्य आले आहे त्याला डॉक्टरची, औषधाची, बोलण्याची गरज असते आणि ती डब्याने भागत नाही, एवढे तारतम्य इतिहासातून निघते.

सिडनीच्या प्रयोगातील एक तपशील बातम्यांमध्ये सहसा सांगितला जात नाही. आहारगटातील तरुणांना काय खावे हे सांगणारी तेरा मिनिटांची चित्रफीत दाखवली गेली. आणि त्याबरोबर खाण्याच्या वस्तूंची एक टोपली आणि वाणसामानासाठी साठ डॉलरही देण्यात आले. चित्रफितीचा परिणाम किती आणि साठ डॉलरांचा किती, हे या प्रयोगावरून वेगळे काढता येत नाही. सायडनस्ट्रिकर असते तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता.

६

हा प्रश्न आपल्या परंपरेत अपरिचित नाही. शिकणाऱ्या मुलाचे जेवण हा मराठी शिक्षणाच्या इतिहासातला मोठा विषय आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्यात शिकायला आलेली गरीब ब्राह्मण मुले माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या काळच्या आत्मचरित्रांतून या वारांच्या आठवणी येतात. त्यांत कृतज्ञता आहे, आणि परक्याच्या ओटीवर ताटाची वाट पाहत बसण्याचा सलही आहे. ज्यांना जातीमुळे वारही मिळणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी वसतिगृहांचा विचार करावा लागला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना आधार दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवू घालणारे वसतिगृह उभे केले, आणि त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ग्रामीण मुलांच्या राहण्याजेवणाची सोय पाहणारी पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासूनची. या सर्वांनी नैराश्यावर प्रबंध लिहिले नाहीत. पण उपाशी मुलाला ज्ञान देता येत नाही, आणि ताटाबरोबर पंगतही लागते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

नेमाड्यांच्या 'कोसला'नंतर (१९६३) वसतिगृहातील तरुणाचे तुटलेपण हा आपल्या कादंबरीचा परिचित विषय झाला. त्या तुटलेपणाची चर्चा आपण अस्तित्ववादाच्या भाषेत पुष्कळ केली. ती चुकीची होती असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्या चर्चेत खानावळ, मेसचे बिल, महिनाअखेर यांना आम्ही समीक्षकांनी तळटीपेचीही जागा दिली नाही.

आता परिस्थिती उलट दिशेने बदलते आहे. आहार आणि मन यांचा संबंध रोजच्या वर्तमानपत्रांतून सांगितला जातो, आणि पुन्हा याद्यांच्या रूपात : हे खा म्हणजे मन प्रसन्न राहील, ते खाल्ले म्हणून तुम्ही उदास आहात. पूर्वी खचलेल्या मुलाला मन घट्ट कर असे सांगत. आता त्याला बदाम-अक्रोड खा, वडापाव सोड असे सांगतात. दोन्ही उपदेशांत दोष त्याचाच. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, खोलीत गॅस ठेवायला बंदी असलेला, रात्री अकरानंतर उघडी असेल त्या गाडीवर जेवणारा मुलगा वडापाव खातो तो त्याच्या प्रकृतीमुळे नव्हे. त्याच्या खिशात तेवढेच पैसे असतात आणि त्या वेळी तेवढेच मिळते. गोल्डबर्गरना मनोरुग्णालयात जे दिसले ते पाहण्यासाठी फार विद्वत्ता लागली नव्हती. एकाच छपराखाली कोणाच्या ताटात काय आहे, एवढेच त्यांनी पाहिले होते.

उद्दालकाच्या कथेत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्ही अनेक वर्षे शिकवूनही आमच्या नजरेतून निसटली होती. पंधरा दिवसांनी श्वेतकेतूला काही आठवेना, तेव्हा बाप त्याला रागावत नाही, त्याच्या अभ्यासावर शंका घेत नाही. तो त्याला आधी जेवायला पाठवतो, आणि पुढची शिकवण जेवणानंतर सांगतो. त्या विद्यार्थ्याला आम्ही वर्षभर हाम्सुन शिकवला. तो दुपारी काय जेवतो, हे विचारायला मात्र वर्षाचा शेवट उजाडावा लागला.